बॅटरी भरण्यासाठी जनरेटर कोणता घ्यावा?

(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



गेल्या आठवड्यात वर्ग सुटताना तिघाचौघांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, पावसाळ्यात सोलरची बॅटरी भरत नाही. जनरेटर घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" प्रश्न चांगला आहे. त्यात तुमच्या कष्टाचा पैसा आहे. जिवाचीही गोष्ट आहे, ती पुढे येईल. म्हणून आज धडा बाजूला ठेवू आणि याच विषयावर बोलू.

सातपुड्यातले पाडे, मेळघाटातली गावे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे धनगरवाडे, अशा ठिकाणी विजेची तार उशिरा पोहोचली. काही ठिकाणी पोहोचली, पण पावसात खांब पडला की आठ आठ दिवस अंधार. २०१७ साली केंद्र सरकारने सौभाग्य योजना काढली. जिथे तार नेणे कठीण, तिथल्या घरांना सोलरचा संच द्यायचा असे त्यात होते. २०० ते ३०० वॅटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि मोबाइलसारख्या वस्तूसाठी एक प्लग, असा तो संच. कोणाला तो योजनेत मिळाला, कोणी शेळ्या विकून स्वतःचा घेतला. ऊन असते तोवर त्यावर घर छान चालते. मृग लागला की अडचण सुरू होते. डोंगरावर ढग बसतात. चार चार दिवस सूर्य दिसत नाही. प्लेट असते, पण तिला खायला ऊन नसते. मग रात्री आठलाच दिवा मालवतो. आणि याच दिवसांत साप-विंचू घरात शिरतात, याच दिवसांत एखादी बाई अडते. दिवा हवा तेव्हाच नेमका तो नसतो.

अशा वेळी छोटा जनरेटर उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण तो घेण्याआधी एक पाहा. तुमचे दुखणे जनरेटरने बरे होणारे आहे का?

बॅटरी म्हणजे रांजण समजा. प्लेट म्हणजे झरा. झरा आटला तर दुसरीकडून पाणी आणावे, हे बरोबर. पण रांजणालाच भोक पडले असेल तर? मग कितीही घागरी ओता, सकाळी रांजण रिकामाच. जुनी बॅटरी अशीच वागते. तासाभरात भरली असे दाखवते आणि दिवे लावले की तासाभरात उतरते. अशी बॅटरी उन्हाळ्यातही दगा देते. तुमची बॅटरी वैशाखाच्या उन्हातही रात्र काढत नसेल, तर जनरेटर घेऊ नका. आधी बॅटरी तपासून घ्या. तिच्यातले पाणी पाहा. प्लेटवर धूळ आहे का, आंब्याची फांदी वाढून सावली पडते का, तेही पाहा. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थाने जनरेटरचे पैसे जमवले होते. शेजाऱ्याने प्लेटवरची फांदी छाटून दिली आणि जनरेटर राहिला तो राहिलाच.

बारा महिने वीज कमी पडत असेल तर आणखी एक प्लेट बसवा. प्लेट पेट्रोल मागत नाही. फक्त भर पावसाच्या काही आठवड्यांपुरती अडचण असेल, तरच जनरेटरचा विचार करा.

आता हिशेब करू. आकडे तुम्हाला वाचता येतात. त्यांचा उपयोग इथे आहे.

घरी गेल्यावर बॅटरीवर चिकटवलेला कागद वाचा. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असते. शेजारी दुसरा आकडा असतो, १०० किंवा १५०, आणि त्यापुढे एएच ही इंग्रजी अक्षरे. १५० चा अर्थ असा की ही बॅटरी १५ अँपिअरची धार सुमारे १० तास देऊ शकते. पंधरा दाहे दीडशे. अँपिअर म्हणजे विजेची धार किती जाड, आणि व्होल्ट म्हणजे तिच्यामागे जोर किती. इतके समजले तरी आजच्यापुरते पुरे.

बॅटरी किती वेगाने भरायची? आपल्याकडच्या पाण्याच्या बॅटरीला एक सोपा नियम आहे. तिच्यावरच्या आकड्याचा दहावा भाग घ्या. १५० ची असेल तर १५ अँपिअर. १०० ची असेल तर १०. याहून फार जास्त धार सोडली तर बॅटरी तापते, आतले पाणी उडते, तिचे आयुष्य घटते. लहान लेकराला घास लहानच द्यावा लागतो, तसेच हे.

म्हणजे १५० च्या बॅटरीला १५ अँपिअर. भरताना जोर १४ व्होल्टच्या आसपास लागतो. १५ गुणिले १४ झाले २१०. इतके वॅट बॅटरीत जायला हवेत. मधे चार्जर आहे. तो थोडी वीज स्वतः खातो आणि गरम होतो. त्याच्यासाठी पाव भाग वाढवा. झाले सुमारे २६० वॅट. साधा चार्जर वीज सारखी घेत नाही, हिसके देऊन घेतो. म्हणून जनरेटर या आकड्याच्या दुप्पट ताकदीचा असला म्हणजे त्याला ओढाताण होत नाही. २६० ची दुप्पट ५२०.

तर मंडळी, एका घराच्या बॅटरीला सव्वापाचशे वॅटचे यंत्र पुरते. बाजारात १ केव्हीएचा जनरेटर मिळतो. तो सतत ८०० ते ९०० वॅट देतो. तुमच्या घराला तो पुरून उरतो. इतके लहान यंत्र नवीनही नाही. जपानच्या होंडा कंपनीने १९६५ साली सुमारे ३०० वॅटचा हातात धरून नेण्याजोगा जनरेटर काढला होता. तोसुद्धा तुमची बॅटरी हळूहळू भरू शकला असता.

पण दुकानात काय होते? दुकानदार म्हणतो, "एवढासा काय घेता? ३ केव्हीएचा घ्या. मिक्सर चालेल, टीव्ही चालेल, पुढे मोटर बसवाल." आपण म्हणतो, खरेच की. आणि सोसायटीचे किंवा बचत गटाचे कर्ज काढून मोठे धूड घरी आणतो. इथे नीट विचार करा. मिक्सर जनरेटरवर चालवायचा नाही. तो बॅटरीवर, इन्व्हर्टरमधून चालतो. जनरेटरने फक्त बॅटरी भरायची. रांजण भरून ठेवला की मग कोणी तांब्या बुडवो, कोणी हंडा. विहिरीवरच्या मोटरीचा हिशेब वेगळा आहे, तो यात मिसळू नका.

मोठ्या यंत्राचा तोटा पेट्रोलमध्ये दिसतो. साधा जनरेटर बहुतेक मिनिटाला ३००० फेरे फिरतो. काम थोडे असले तरी तितकेच फिरतो, कारण फेरे कमी झाले की वीज बिघडते. २६० वॅटच्या कामासाठी ३ केव्हीएचे इंजिन फिरवणे म्हणजे एक पेंढी आणायला बैलगाडी जुंपणे. बैलांना वैरण तितकीच लागते.

लहान यंत्रांतही दोन जाती आहेत. एक साधी, आता सांगितली ती. दुसरीला इन्व्हर्टर जनरेटर म्हणतात. तिचे इंजिन काम पाहून हळू किंवा जोरात फिरते. आवाज कमी, पेट्रोल कमी, वीजही स्वच्छ. १ केव्हीएचे असे यंत्र साधारण १३ किलोचे असते. साध्या जातीचे पुष्कळ जड असते. ज्यांना घाट चढून डोक्यावर न्यायचे आहे त्यांना हा फरक आम्ही सांगायला नको. मात्र इन्व्हर्टर जनरेटर महाग असतो, आणि तो बिघडला तर तालुक्याच्या मिस्त्रीला उघडता येत नाही. साधे यंत्र कोणताही मोटारसायकलवाला मिस्त्री दुरुस्त करतो. आमचे मत विचाराल तर, पावसाळाभर रोज चालवायचा असेल आणि दोनतीन घरे मिळून पैसे घालणार असतील, तर इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा. वर्षातून दहा-पंधरा दिवसच लागणार असेल तर चांगल्या कंपनीचा साधा चार-स्ट्रोक पुरे.

चार-स्ट्रोक हा शब्द लक्षात ठेवा. स्वस्तात एक लहान दोन-स्ट्रोक यंत्र मिळते. त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ते धूर फार करते. त्याच्या अंगावर ९५० लिहिलेले असले तरी सतत तितके वॅट ते देत नाही. जनरेटरवर बहुधा दोन आकडे असतात. मोठा आकडा क्षणभराचा, लहान आकडा सततचा. मोठ्या अक्षरांत मोठा आकडा छापतात. तुम्ही लहान आकडा शोधा आणि तोच खरा धरा. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे इंजिनाची ताकद आणखी थोडी घटते. हजार मीटर उंचीवर दहावा भाग गेला असे समजा.

कोणी रॉकेलवर चालणारे जुने यंत्र स्वस्तात देऊ करील. रेशनच्या रॉकेलवरची केंद्र सरकारची सूट २०२० साली संपली. रॉकेल आणणार कुठून, हे आधी त्यालाच विचारा.

आता एक गोष्ट फार जणांना फसवते. ती नीट ऐका. पुष्कळ जनरेटरवर एक लहानसा प्लग असतो आणि त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असते. माणूस म्हणतो, वा! माझी बॅटरी १२ ची, हा प्लगही १२ चा. चार्जरचे पैसे वाचले. मग तो सरळ वायर जोडतो, इंजिन चार तास फडफडते, आणि रात्री दिवे पुन्हा दहाला मालवतात. कारण काय? त्या प्लगमधून साधारण ८ अँपिअरची धार येते. बॅटरी भरत जाते तशी ती आणखी बारीक होते. शिवाय बॅटरी भरली तरी तो प्लग आपण होऊन थांबेलच असे नाही. तो प्लग स्कूटरची, मोटारसायकलची लहान बॅटरी भरायला ठीक. घरच्या मोठ्या बॅटरीला नाही. जनरेटरचा २३० व्होल्टचा मोठा प्लग वापरा, त्याला चांगला चार्जर जोडा आणि चार्जरमधून बॅटरी भरा. जनरेटरवर थोडे कमी खर्चा, पण चार्जर हलका घेऊ नका. लिथियमची बॅटरी असेल तर तिचा चार्जर निराळा असतो. पाण्याच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना वेगळा चार्जर बहुधा लागत नाही, तो इन्व्हर्टरमध्येच असतो. पण कधी कधी इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नाही, कारण ती थोडी खालीवर होते. अशा वेळी इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बटण पाहा. ते यूपीएसवर असेल तर दुसऱ्या बाजूला करा. मग तो खालीवर होणारी वीजही स्वीकारतो. हे माहीत नसल्याने लोक जनरेटर परत करायला निघतात.

यंत्र घेताना तुमचा चार्जर बरोबर न्या. उतरलेली बॅटरी नेता आली तर तीही न्या. दुकानात यंत्र सुरू करायला लावा आणि अर्धा तास बॅटरी भरू द्या. आवाज एकसारखा येतो का, बंद पडते का, पाहा. नुसते सुरू करून दाखवले तर समाधान मानू नका. रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, विचारा. पक्की पावती घ्या आणि तिच्यावरची तारीख स्वतः वाचा. आणखी एक. घरातल्या बाईला दोरी ओढून यंत्र सुरू करायला लावा. पुरुषमाणूस ऊसतोडीला किंवा शहरात गेलेला असतो, तेव्हा घरात तीच असते. तिला सुरू न होणारे यंत्र कितीही चांगले असले तरी त्या घराच्या उपयोगाचे नाही.

खर्च किती येईल? समजा पाच दिवे, प्रत्येकी ७ वॅटचे, पाच तास जळतात. पंखा २० वॅटचा, आठ तास. दोन मोबाइल. हे सगळे मिळून बॅटरीतून रोज सुमारे ३० अँपिअर-तास जातात. चार्जर १५ अँपिअर देत असेल तर दोन तास यंत्र चालवावे लागेल. थोडी वीज वाया जाते, म्हणून अडीच तास धरा. चांगले लहान यंत्र इतक्या कामाला तासाला पाव लिटरच्या थोडे वर पेट्रोल खाते. म्हणजे रोजचे पाऊण लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेले आहे. अंधाराच्या एका दिवसाला पाऊणशे ते ऐंशी रुपये झाले. वर्षात असे ३० दिवस आले तर सव्वादोन-अडीच हजार. ही काही थोडी रक्कम नव्हे.

पण यातही वाट आहे. त्याच यंत्रावर शेजारच्या घराची बॅटरी तिच्या स्वतःच्या चार्जरने त्याच वेळी भरा. दोन बॅटऱ्यांना मिळून ५२०-५२५ वॅट लागतात. १ केव्हीएचे यंत्र ते देते. पेट्रोल मात्र दुप्पट लागत नाही, थोडेच वाढते. काम अर्धे असले तरी इंजिनाची स्वतःची भूक असतेच, ती दोघांत वाटली जाते. चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले, आज दोन घरे, उद्या दोन घरे असे भरले, तर प्रत्येकाचा वाटा हलका होतो. वहीत नाव, तारीख, वेळ आणि पेट्रोल लिहीत जा. लिहून ठेवले म्हणजे भांडण होत नाही. दोन बॅटऱ्या एकमेकींना तारेने जोडून एका चार्जरवर भरू नका. त्यात एक जुनी असली तर ती नवीला खाली ओढते.

यंत्र सकाळी चालवा. रात्रीतून बॅटरी उतरलेली असते, त्या वेळी ती वीज भराभर घेते. पाऊण रांजण भरला की वेग कमी होतो. शेवटचा भाग फार हळू भरतो, त्याला तास तास लागतात. तेवढ्यासाठी इंजिन फिरवत ठेवणे म्हणजे पेट्रोल जाळणे. तो भाग प्लेटवर सोडा. ढगातूनही दिवसभर थोडा उजेड येतो, त्यावर तो सावकाश भरतो. मात्र पंधरा दिवसांत एकदाही बॅटरी पुरती भरली नाही तर ती आतून खराब होऊ लागते. सूर्य दिसलाच नाही तर पंधरवड्यातून एक दिवस यंत्र जास्त वेळ चालवून ती पूर्ण भरा. व्होल्ट दाखवणारे एक लहान मीटर मिळते, ते बसवून घ्या. दिवे, पंखा बंद करून तासाभराने पाहा. १२.७ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ असेल तर अर्धी. तिथून खाली तिला जाऊ देऊ नका.

आता जिवाची गोष्ट.

जनरेटर लागतो पावसात. पावसात माणूस म्हणतो, यंत्र भिजेल, पडवीत ठेवू. पाऊस तिरका आला की म्हणतो, जरा आत घेऊ, दार लोटून घेऊ. मंडळी, इथेच माणसे मरतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला नाही तरी तो असतो. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके दुखते, गरगरते, ओकारी येते, अंगातले बळ जाते. माणसाला वाटते, थकवा आला, जरा पडू. ते पडतात आणि पुन्हा उठत नाहीत. बंद खोलीत जनरेटर लावून झोपलेले अख्खे कुटुंब सकाळी मेलेले सापडले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. खिडकी उघडी ठेवली होती, हे कारण तिथे चालत नाही. पडवीही नको. गोठाही नको. जनावरेही श्वासच घेतात.

घरापासून निदान २० फूट दूर चार खांब रोवा, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. खाली दगडांचा ओटा करा, म्हणजे पाणी शिरणार नाही. धुराची नळी घराच्या उलट बाजूला करा. वारा घराकडे वाहत असेल तर दारे-खिडक्या लावून घ्या. कोणाला यंत्राजवळ गरगरले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. त्याला झोपू द्या म्हणून वाट पाहू नका.

यंत्र २० फूट दूर, मग वायर लांब लागणार. इथे एक युक्ती आहे. लांब वायर २३० व्होल्टची असू द्या, आणि चार्जर बॅटरीजवळ ठेवा. उलट केले, म्हणजे चार्जर यंत्राजवळ ठेवून १२ व्होल्टची लांब वायर ओढली, तर वाटेतच जोर मरतो आणि बॅटरी भरत नाही. मात्र २३० व्होल्ट माणूस मारतात. वायर अखंड घ्या, सांधा नको, ओल्या जमिनीवरून नको. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. बॅटरी भरताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ बिडी नको, चूल नको, चिमणी नको. बॅटरीत डिस्टिल वॉटरच घाला. विहिरीचे पाणी आपल्याला गोड लागते, तिला चालत नाही.

ज्यांच्या घरी तारेची वीज आहे, त्यांनी जनरेटर घराच्या वायरिंगच्या प्लगात उलटा जोडू नये. ती वीज तारेतून परत खांबावर जाते. वायरमन तार बंद आहे असे समजून वर चढलेला असतो.

भाषण संपल्यावर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरेही इथे देतो.

एका आजींनी विचारले, "यंत्र चालू होईना तर काय पाहू?" आधी ते सपाट जागेवर आहे का पाहा. चांगल्या यंत्रात ऑइल कमी झाले की इंजिन आपण होऊन बंद पडते. उतारावर ठेवले तर ऑइल भरलेले असूनही ते कमी आहे असेच समजते. मग ऑइल पाहा, पेट्रोलचा नळ उघडा आहे का पाहा. मिस्त्रीकडे जाण्याची पाळी बहुतेक वेळा येत नाही. नवीन यंत्राचे ऑइल पहिल्या २० तासांनी बदला आणि नंतर दर १०० तासांनी. अशा लहान इंजिनात ऑइल अर्ध्या लिटरच्या आतच बसते, त्यात कंजूषी नको.

एका तरुणाने विचारले, "पेट्रोल एकदाच भरून वर्षभर ठेवले तर?" ठेवू नका. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. काही महिन्यांत पेट्रोल बिघडते आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. लागेल तितकेच, पत्र्याच्या झाकणबंद डब्यात आणा. तो डबा एसटीत न्यायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

"मग पावसाळा संपल्यावर यंत्राचे काय करायचे?" टाकी रिकामी करा. उरलेले पेट्रोल मोटारसायकलमध्ये घाला. पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. खंडेनवमीला अवजारे पुसता, तेव्हा हेही पुसा आणि हवेचा फिल्टर धुऊन वाळवा. पोत्याने झाकून उंच जागी ठेवा, कारण उंदीर वायर कुरतडतात. मृग लागण्याच्या आठ दिवस आधी नवे पेट्रोल घालून पंधरा मिनिटे चालवून पाहा. काही बिघाड असेल तर तो तेव्हाच कळेल, आणि त्या वेळी तालुक्याला जाणारा रस्ताही चालू असतो.